चौकटीबाहेरच्या जांभळ्या चपला

खंडेराव आहेर सरांना कुणी 'वा सर!' म्हटलं, की ते आधी त्या माणसाच्या पायांकडे बघतात. नव्या माणसाला वाटतं, सर विनयानं मान खाली घालतायत. घरी आलेल्या पाहुण्याला वाटतं, आपण बूट घालूनच आत आलो की काय. दोन्ही खोटं. सरांना त्या क्षणी फक्त लाज वाटत असते, आणि ती लाज पायांपासून सुरू झाली होती.

सर नाशकातल्या गंगापूर रोडच्या बाजूच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. मूळचे सटाण्याकडचे. शाळेत अगदी छापील मराठी बोलत, पण एखादी गोष्ट मनापासून आवडली की तोंडून अहिराणी निसटायची, 'भारी शे!' त्यांच्या विषयाला शाळेत फारसं कुणी विचारत नसे. परीक्षा जवळ आली की गणिताचे मास्तर त्यांचा तास मागायला येत, आणि तोही असा, की शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी.

सरांची खरी सत्ता होती ती स्थिरचित्रावर. एक तांब्या, दोन कांदे, एक वांगं आणि मागे सुरकुत्या पाडलेलं फडकं, एवढा संसार मांडायला त्यांना अर्धा तास लागे. वांगं इकडे सरकव, कांदा अर्धा झाक, फडक्याचा रंग खुपतोय, दुसरं आण. घरीही तेच. ताटातली लिंबाची फोड ते बोटानं हलकेच डावीकडे सरकवत, तेव्हा त्यांची बायको सविता म्हणे, "अहो, ते जेवण आहे. ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा नाही. गिळा." सविता मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. तिचं बोलणं मालगाडीसारखं, थांबवायला कुणी मधे येत नसे.

तर २००३ साली शाळेच्या मुख्याध्यापिका लताबाई मुंबईला एका परिसंवादाला गेल्या आणि परत आल्या त्या एक नवा विषय घेऊनच. नववीला आठवड्यातून एक तास प्रसारमाध्यमांचा अभ्यास! पेपर, रेडिओ, टीव्ही कसे बघावेत ते मुलांना शिकवायचं. शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यांना एकदम छताचा पंखा बघण्यासारखा वाटू लागला. मराठीच्या बाई म्हणाल्या, "मी पेपर वाचतच नाही. त्यातलं शुद्धलेखन पाहून मला ताप येतो." आहेर सर समोरच्या कागदावर लताबाईंचं नाक काढण्यात गुंग होते. त्यामुळे त्यांना पंखा बघायचं सुचलं नाही, आणि ते सापडले.

"आहेर सर, तुम्ही घ्या. टीव्ही म्हणजे तरी काय, चित्रच की!"

पालकांच्या सभेत एक वडील तावातावानं उठले. "घरी टीव्ही बघतो म्हणून मी पोराला बदडतो, आणि तुम्ही शाळेत त्याचा तास लावता?"

सरांनी खिशातून एक पुठ्ठा काढला. शर्टाच्या खोक्याचा, मधोमध चौकोन कापलेला. चित्रकलेच्या तासाला मुलं त्यातून झाडं-घरं बघत. "यातून खिडकीबाहेर बघा. काय दिसतं?"

"गुलमोहर."

"आता पुठ्ठा काढा."

वडिलांनी पुठ्ठा काढला. गुलमोहराच्या बुडाशी कचराकुंडी होती, कुंडीत डुक्कर होतं. "डुक्कर," ते नाइलाजानं म्हणाले.

"टीव्हीवाला तुमच्या पोराला रोज गुलमोहर दाखवणार. उद्या तो पेपर वाचून मत देणार, जाहिरात बघून औषध घेणार. डुक्कर कुठे आहे ते त्याला कुणी शिकवायचं?"

वडील खाली बसले. सरांना आयुष्यात प्रथमच कुणी उत्तर न देता गप्प बसलं होतं. सविता सभेला नव्हती, म्हणून.

तास रंगला. सर मुलांना पेपरातला फोटो दाखवत, बातमीची टेप लावत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत, "चौकटीच्या बाहेर काय राहिलं?" पुढे पुढे तो प्रश्न अख्खा वर्गच एका सुरात ओरडू लागला, आरतीचं शेवटचं कडवं ओरडावं तसा. मात्र संस्थेच्या सेक्रेटरींनी विषय एका वर्षापुरताच मान्य केला होता. वर्ष संपताना तो ठेवायचा की काढायचा ते ठरणार होतं. म्हणजे काहीतरी करून दाखवायला हवं होतं.

करून दाखवायचं ठरलं ते असं, की मुलांनीच एक छोटी बातमी चित्रित करायची. शाळेला लागून एक चार मजली इमारत उठत होती. तिथं काम करणारी माणसं कोण, कुठून आली, त्यावर. कॅमेरा मुस्तकीमभाईंचा. ते लग्नाची शूटिंग करत आणि गावातल्या एका केबल चॅनेलला संध्याकाळच्या बातम्यांसाठी चित्रं पुरवत.

वर्गातल्या रोशनीनं हात वर केला. "सर, माझी आई तिथंच काम करते. मी सांगते तिला." ती हे इतक्या ऐटीत म्हणाली, की बांधकाम आईच्या मालकीचं असावं.

रोशनीची आई पुतळाबाई पेठच्या पलीकडच्या डोंगरातली. नवरा वारल्यावर ती लेकीला घेऊन नाशकात आली, आणि बांधकामावर घमेली वाहून पोरीला शिकवत होती. चित्रीकरणाच्या दिवशी ती आली ती रोजच्या मातकट लुगड्यात, पण पायांत जांभळ्या सँडल! सोनेरी बकलाच्या, नव्याकोऱ्या. दिवाळीत शालिमार चौकातल्या दुकानातून घेतलेल्या, रोशनीनं पसंत केलेल्या. एरवी ती कामावर जुन्या स्लिपरा घाली. पण फोटो काढायला जाताना आपण काय घालतो? जे चांगलं असेल ते. पुतळाबाईंनीही तेच केलं होतं.

सरांनी पुठ्ठ्याची चौकट डोळ्यांसमोर धरली. लाल विटा. पिवळी वाळू. मातकट लुगडं, डोक्यावर घमेलं, मागे स्वच्छ निळं आकाश. काय मांडणी होती! आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, ते जांभळं.

आता इथं सरांच्या मनात काही वाईट होतं म्हणावं, तर नव्हतं. गरिबी-बिरिबी त्यांच्या डोक्यातही नव्हती. बावीस वर्षं खुपणारं फडकं बाजूला करत आलेला हात तो. "पुतळाबाई," ते म्हणाले, "तेवढ्या चपला काढता का?"

पुतळाबाईंनी सरांकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि वाळूवर बसून दोन्ही बकलं सोडली. रोशनीनं सँडल उचलून घेतल्या आणि ती कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. पुतळाबाई घमेलं घेऊन अनवाणी चढण चढल्या. खडी होती, म्हणून जरा सावकाश चढल्या. ते तर फारच सुंदर दिसलं.

"भारी शे!" सर म्हणाले. "भारी शे!"

बातमी केबलवर लागली. सर, सविता आणि शेजारची दोन कुटुंबं टीव्हीसमोर. चॅनेलवाल्यांनी मुलांचं सगळं बोलणं कापलं होतं आणि करुण सनई लावून मथळा दिला होता, 'लेकीच्या शिक्षणासाठी अनवाणी माउलीची पायपीट'. शेजारीण डोळे पुसू लागली.

"अहो, तिला चपला नाहीत का?" सवितानं विचारलं.

"आहेत की. मांडणीसाठी मी काढायला लावल्या."

"मग हे अनवाणी काय?"

"तो मथळा चॅनेलवाल्यांचा."

"आणि अनवाणी पाय? ते कुणाचं काम?" सविता म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून 'वा सर!' सुरू झालं. वाण्यानं म्हटलं, दूधवाल्यानं म्हटलं, गणिताच्या मास्तरांनी तर तास परत केला. "सर, ते पाय! त्या पायांनी रडवलं हो!" पहिल्या माणसाला सर खरं सांगणार होते. पण तोवर दुसरा आला, आणि त्यानं हात हातात घेतला. मग तिसरा. सरांनी प्रत्येक 'वा' घेतला, खिशात घातला आणि मान जराशी तिरकी केली. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची. चपला काढायला लावल्या ती चूक होती, पण हे घेत राहणं म्हणजे काय होतं, त्याला त्यांना शब्दच सापडला नाही.

मग शाळेत चपला येऊ लागल्या.

नाशिक हे मनानं मोठं गाव. हवाई चपला आल्या, कोल्हापुरी आल्या. कुणा निवृत्त फौजदारानं आपले बूट पाठवले, त्यांत पुतळाबाई कमरेपर्यंत मावल्या असत्या. एका बाईंनी एकच सँडल पाठवली, सोबत निरोप, 'दुसरी सापडली की पाठवते.' लग्नात चोरलेले जिजाजींचे जोडे आले, बाळाचे शिट्टीचे बूट आले. पोर्चमध्ये असा ढीग झाला, की बाहेरून येणाऱ्यांना वाटे आत भंडारा चालू आहे, आणि तेही आपल्या चपला तिथंच काढून आत येत. शिपाई त्याही ढिगात टाकी.

एका सेवाभावी मंडळानं तर शनिवारी कार्यक्रमच ठरवला. पुतळाबाईंना व्यासपीठावर बोलावून सेक्रेटरींच्या हस्ते पादत्राणं प्रदान! लताबाईंच्या पायांना जमीन लागत नव्हती. "सर, तुमचा विषय आता कायम झाला समजा."

सर 'हो' म्हणाले. रोशनी दोन-तीन दिवस शाळेत आली नव्हती. तिला मुलं 'अनवाणी' म्हणून चिडवतात, हे सरांच्या कानावर आलं होतं. ते ऐकून त्यांनी ढिगाला वळसा घातला आणि मागच्या दारानं जायला सुरुवात केली.

शुक्रवारी नववीचा तास. मुलांनी हट्ट धरला म्हणून सरांनी बातमीची टेप लावली. टेप संपली. सरांनी घाईघाईनं टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "चला, आज लवकर सोडतो."

पहिल्या बाकावरचा इब्राहिम उभा राहिला. "सर, तुम्ही प्रश्न नाही विचारला."

"कुठला प्रश्न?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "चौकटीच्या बाहेर काय राहिलं?"

"मी," दारातून आवाज आला.

रोशनी उभी होती. गणवेश नव्हता. हातात शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज होता, त्यावर वर्गशिक्षक म्हणून सरांची सही हवी होती. "मी राहिले बाहेर, सर. आईच्या चपला हातात धरून."

सरांना वाटलं, आपल्याभोवती कुणीतरी पुठ्ठ्याची चौकट धरली आहे, आणि तिच्यातून बाहेर पडायला जागा नाही.

"दाखला कशाला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"काका आलाय न्यायला. त्यानं टीव्हीत बघितलं."

सरांनी सही केली नाही. अर्ज खिशात घातला आणि रोशनीमागून बांधकामावर गेले. तिथं पत्र्याच्या खोलीसमोर पुतळाबाई विटेवर बसल्या होत्या आणि शेजारी त्यांचा धाकटा दीर बहिरू, गुडघ्यांना मिठी मारून.

"बसा सर," पुतळाबाई म्हणाल्या. "चपला असू द्या पायात. आमच्यात काढाय लागत नाय."

सर बसले.

"पुतळाबाई, तुम्ही त्या दिवशी नाही म्हणायचं होतंत."

"मला काय ठावं? देवळात काढतो तशा काढल्या. म्हनलं, शाळंच्या शूटिंगचा काय नेम असंल."

बहिरू वर न बघता बोलू लागला. "मी नागलीचं पोतं घेऊन आलतो बाजारात. पेठ नाक्याला हाटेलात च्या पीत व्हतो. वर टीवी. त्यात वहिनी, बिनचपलेची! लोकं अरेरे करत व्हती. येक म्हनला, हिच्या घरचे कुटं मेले? मी नाय बोललो का ही माझी वहिनी हाय. अर्धा च्या ठेवला अन् निघालो." तो थांबला. "पायाला चप्पल नाय भेटत तं पोर कशाला शिकवायची? चला म्हनलं गावाला. पोरीचं लगीन करू."

"अरे, चपला हायेत मला!" पुतळाबाईंनी आतून जांभळ्या सँडल आणून त्याच्यासमोर ठेवल्या. हे त्यांनी आधीही केलं असावं, कारण बहिरूनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"त्या तर आत्ता दिल्या लोकांनी. शाळेत ढीग पडलाय, बघून आलो मी."

"मी घेतल्यात त्या. ह्या पोरीनं पसंत केल्या."

"मंग टीवीत का नाय दिसल्या?"

पुतळाबाई सरांकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. सरांना तो चालला असता. "बघा सर. चपला माझ्या, पैका माझा. आता मी घालून हिंडले तरी लोक म्हनत्यात, दिल्या वाटतं कोनी. तुमी काढल्या त्या काढल्याच. आता पायात असून नायत."

सर बहिरूला सांगू लागले, की तसं काही नाही, चूक माझी. बहिरूनं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तुमी चांगले मान्स. पोरीसाठी खोटं बोलतायसा. पन टीवी कशाला खोटं दावील?"

वर्षभर सर जे नववीला शिकवत होते, ते त्यांना एका माणसाला एका संध्याकाळी पटवून देता येईना. पुठ्ठा खिशात होता. तो काढायची त्यांना हिंमत झाली नाही.

तिथून ते सरळ मुस्तकीमभाईंकडे गेले. त्यांच्याकडे न कापलेली मूळ टेप होती.

"सर, कच्चा माल कोणी दाखवतं का?" मुस्तकीमभाई चकित झाले. "बिर्याणी दाखवतात, कांदा कापून रडणारा खानसामा नाही दाखवत. आणि त्यात तुम्हीच आहात पूर्ण. इज्जतचा कचरा होईल."

"तेच हवंय," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी धीरानं म्हटलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते त्यांनी दाराच्या कडीकडे बघत म्हटलं.

शनिवारी सभागृह भरलं. व्यासपीठावर सेक्रेटरी, मंडळाचे अध्यक्ष, लताबाई आणि खुर्चीच्या अगदी टोकावर, सरांनी 'एवढं एकदा या' म्हणून विनवून आणलेल्या पुतळाबाई. पायांत जांभळ्या सँडल. अध्यक्षांनी दोनदा त्यांच्या पायांकडे बघून कपाळाला आठी घातली, कारण प्रदान करायच्या आधीच पाय भरलेले होते. मागच्या रांगेत सविता, आणि दाराशी बहिरू उभा. प्रास्ताविक सरांचं होतं.

सर माइकसमोर गेले, म्हणाले, "नमस्कार," आणि प्रास्ताविकाचा कागद घडी करून खिशात घातला. मग त्यांनी मुस्तकीमभाईंना खूण केली. टीव्हीवर टेप सुरू झाली.

आधी बराच वेळ पडदाभर सरांची पाठ दिसली, आणि पाठीखालचा ऐवजही. मुलं हसली. मग सर बाजूला झाले, आणि पुतळाबाई दिसल्या, जांभळ्या सँडल घालून तोऱ्यात उभ्या. पदर सारखा करून कॅमेऱ्याकडे बघत हसलेल्या. आणि सरांचा आवाज, गोड, घाईतला, "पुतळाबाई, तेवढ्या चपला काढता का? ते जांभळं फार खुपतंय हो!" पुतळाबाई वाळूवर बसल्या. रोशनी पुढे आली. तिनं सँडल उचलल्या, गणवेशाच्या टोकानं त्यांच्यावरची वाळू पुसली, बकलं नीट लावली, त्या छातीशी धरल्या आणि चौकटीच्या बाहेर निघून गेली. मग ते अनवाणी चढणं. आणि सरांचं ते 'भारी शे!'

आता कुणी हसलं नाही.

दारातून बहिरू पुढे आला. त्याला व्यासपीठ, अध्यक्ष, काही दिसत नव्हतं. "वहिनी, ह्याच का त्या?"

पुतळाबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या पाय जरासा उचलून दाखवला. "ह्याच."

"कोनी दिल्या नायत?"

"सांगत नव्हते का रं तुला, येड्या?"

बहिरू सरांकडे वळला. "मंग तुमी का काढाय लावल्या?"

"मला चित्र चांगलं दिसायला हवं होतं," सर म्हणाले.

"कोनाला?"

सरांनी मान खाली घातली, आणि तेव्हापासून ती सवयच लागली.

प्रदान झालं नाही. अध्यक्ष न जेवता गेले. सेक्रेटरी जाता जाता म्हणाले, "सर, असल्या विषयानं शाळेची शोभा होते." विषय पुढल्या वर्षी राहिला, पण पंधरवड्यातून एकदा, आणि कॅमेऱ्याला हात न लावायच्या अटीवर. केबलवाल्यांनी खरी टेप दाखवायला साफ नकार दिला, 'खुलासा कोण बघतं?' म्हणून. दात्यांच्या मात्र कानावर गेलं. बरेच जण येऊन आपापल्या चपला घेऊन गेले, आणि त्यातले निम्मे दुसऱ्याच्या घेऊन गेले. फौजदारांचे बूट राहिले. त्यांत सरांनी पुढे ब्रश ठेवले.

बहिरू संध्याकाळच्या जीपनं एकटाच गावी गेला. निघताना त्यानं सरांकडून तो अर्ज मागून घेतला आणि स्वतः फाडला, चार तुकडे करून. सोमवारी रोशनी गणवेशात आली आणि पहिल्या बाकावर बसली. सरांशी ती नीट बोले, पण पूर्वीसारखी ऐटीत बोलायला तिला सहामाही जावी लागली. सरांनी घाई केली नाही. घाई करायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

अजूनही दरवर्षी माध्यमांच्या पहिल्या तासाला सर तीच न कापलेली टेप लावतात आणि ती चालू असेपर्यंत वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे राहतात. आतून आधी हसू ऐकू येतं, मग शांतता. ती शांतता आली, की ते आत जातात.

आणि पुतळाबाई? त्या नाशकातच आहेत, नव्या नव्या इमारती चढतायत. भर रस्त्यात, कॉलेज रोडच्या गर्दीत सर दिसले, की लांबूनच हाक मारतात. लोक थांबून बघतात. मग पुतळाबाई एक पाय पुढे करून खणखणीत आवाजात विचारतात, "काय सर, ठेवू का काढू?"

सर मान खाली घालतात. खाली सोनेरी बकल चमकत असतं.

"ठेवा, पुतळाबाई," ते म्हणतात. "ठेवा."